माळी आणि दरोडेखोर

१

दोन भुंगेरे आणि त्यांच्याविषयी लिहिलेली दोन पुस्तके यांची तुलना मला या लेखात करायची आहे. पहिला भुंगेरा जमिनीवरचा. अंगावर सोनेरी हिरवी झळाळी, पाठीवर उभ्या कंगोऱ्यांच्या रेषा, लांब तांबूस पाय. युरोपातल्या बागांत आणि शेतांत तो भरदिवसा पळताना दिसतो. शास्त्रीय नाव काराबस ऑरॅटस. आपण त्याला सोनभुंगेरा म्हणू. दुसरा गोड्या पाण्यातला, सोनभुंगेऱ्याहून मोठा, गडद शेवाळी रंगाचा आणि कडेने पिवळी किनार असलेला. शास्त्रीय नाव डायटिस्कस मार्जिनॅलिस. त्याला पाणभुंगेरा म्हणू. दोघेही शिकारी आहेत. दोघांनाही लिनियसनेच नावे दिली, पाणभुंगेऱ्याला १७५८ साली आणि सोनभुंगेऱ्याला १७६१ साली.

पहिल्यावर लिहिले झाँ-आंरी फाब्रने (१८२३–१९१५). दक्षिण फ्रान्समधल्या सेरिन्याँ या गावी घेतलेल्या माळरानावर त्याने आयुष्याची शेवटची छत्तीस वर्षे कीटक पाहण्यात घालवली, आणि १८७९ ते १९०७ या काळात ‘सुव्हनीर आंतोमोलोजिक’ या नावाने दहा खंड लिहिले. दुसऱ्यावर लिहिले कोनराड लॉरेन्झने (१९०३–१९८९). व्हिएन्नाजवळ डॅन्यूबकाठच्या आल्टेनबर्ग गावी वाढलेल्या या प्राणिवर्तनशास्त्रज्ञाचे जर्मन पुस्तक १९४९ साली आले आणि १९५२ साली ‘किंग सॉलोमन्स रिंग’ या नावाने इंग्रजीत गेले. मी दोन्ही लेखक इंग्रजीतूनच वाचले आहेत. त्यामुळे सुट्या शब्दांपेक्षा उपमा, प्रसंगांची मांडणी आणि निष्कर्षाची दिशा यांवरच माझा भर राहील; या गोष्टी अनुवादात टिकून राहतात.

या दोघांची गणना शास्त्रज्ञांत होते. फाब्रच्या निरीक्षणशक्तीचे कौतुक खुद्द डार्विनने केले होते. लॉरेन्झला १९७३ साली निको टिनबर्गेन आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्याबरोबर नोबेल मिळाले. पण त्यांची ही पुस्तके घराघरांत पोहोचली ती गद्याच्या बळावर, आणि गद्य म्हणून त्यांची चिकित्सा व्हायला हवी. माझा प्रश्न साधा आहे. फाब्रच्या हाती सोनभुंगेरा ‘माळी’ होतो आणि लॉरेन्झच्या हाती पाणभुंगेऱ्याची अळी ‘दरोडेखोर’ होते. हा फरक कीटकांतला आहे की लेखकांतला?

प्राणिशास्त्राच्या बाजूने एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हे दोन्ही भुंगेरे नात्यातले आहेत. भुंगेऱ्यांच्या वर्णन झालेल्या जाती सुमारे चार लाख. त्यांच्या ज्या उपगणात हे दोघे मोडतात त्याला अ‍ॅडिफागा म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खादाड. शास्त्राने दोघांना एकच विशेषण दिले होते. पुढे साहित्याने त्यांची वाटणी केली.

२

फाब्रचे सोनभुंगेऱ्यावरचे लेखन त्याच्या शेवटच्या, दहाव्या खंडात येते. तेव्हा तो ऐंशी पार केलेला म्हातारा होता. फ्रेंच लोकभाषेत या कीटकाला ‘जार्दिनिएर’, म्हणजे बागकाम करणारी, असे नाव आहे. फाब्र ते नाव आनंदाने स्वीकारतो आणि त्याला भाजीच्या वाफ्यांचा राखणदार ठरवतो. जर्मन लोकभाषेत याच किड्याला ‘गोल्डश्मिट’, म्हणजे सोनार म्हणतात. फ्रेंच माणसाने त्याचे काम पाहिले आणि जर्मन माणसाने त्याचा रंग पाहिला, एवढेच यावरून दिसते.

मौज अशी, की माळ्याची ओळख करून देणारे प्रकरण सुरू होते ते कत्तलखान्यापासून. शिकागोच्या खाटीकखान्यांत वर्षाला किती बैल आणि किती डुकरे कापली जातात याचे आकडे फाब्र देतो आणि मग आपल्या काचपेटीकडे वळतो. पेटीत पंचवीस सोनभुंगेरे आहेत. वाळूवर टाकलेल्या एका फळीखाली ते पोट गार आणि पाठ उबदार ठेवून पडले आहेत. त्याच वेळी पाइनच्या झाडावरून, एकीमागे एक अशी रांग धरून उतरणाऱ्या अळ्यांचा तांडा फाब्रला सापडतो. सुमारे दीडशे अळ्या. तो त्या पेटीत सोडतो, त्यांची रांग पुन्हा जुळू देतो, ती फळीजवळून जाऊ लागते आणि तो फळी उचलतो. पुढच्या काही मिनिटांत सारे संपते.

हा प्रसंग वाचताना मला लेखकाची जागा महत्त्वाची वाटते. फळी कोणी उचलली हे फाब्र लपवत नाही. युद्ध पुकारणाऱ्या सेनापतीच्या थाटात तो स्वतःची थट्टा करतो. दीडशे भागिले पंचवीस, म्हणजे प्रत्येकी सहा, हा हिशेबही तो मांडतो. वाचकाला किळस येईल असे वर्णन आहे. पण त्या किळसेच्या मधोमध पेटी, फळी, वाळू आणि फळी उचलणारा हात हे सगळे दिसत राहते. शिकागोची उपमा आधी आल्यामुळे वाचक भुंगेऱ्याला क्रूर म्हणायला तोंड उघडतो न उघडतो, तोच त्याला आपल्या ताटाची आठवण होते.

पुढे फाब्र पदार्थ बदलून पाहतो. गांडूळ दिले की भुंगेरे तुटून पडतात. गोगलगाय शंखात सुखरूप असेल तर तिला सोडून देतात. शंख फोडून दिला तर खातात. फुलांवरचा एक जाड ढालपंखी भुंगेरा दिला तर त्याच्या वाटेला जात नाहीत. त्याच्या पाठीवरची ढाल काढली की त्याचा फडशा पडतो. म्हणजे राखणदाराचे शौर्य भक्ष्याच्या कवचापाशी संपते. शिवाय गांडूळ खाणारा माळी शेतकऱ्याच्या किती उपयोगाचा, ही शंका वाचकाला आपोआप येते. फाब्र ‘माळी’ ही पदवी काढून घेत नाही. तो तिच्याखाली इतकी निरीक्षणे रचतो की पदवी डगमगू लागते.

त्यानंतर विणीचा हंगाम येतो आणि हंगाम सरता सरता पेटीतली संख्या घटू लागते. मादी नराला मागून धरते, पोटाच्या टोकापासून कुरतडते आणि आतून रिकामा करते. नर उलटून चावत नाही. फक्त सुटायची धडपड करतो. पेटीत अन्नाची टंचाई नाही, हे फाब्र आवर्जून सांगतो. पंचवीसपैकी शेवटी पाच उरतात आणि पाचही माद्या असतात. फाब्रला इथे प्रार्थनाकीटक आणि विंचू आठवतात, कारण त्यांच्या माद्यांचे असेच वागणे त्याने आधीच्या खंडांत नोंदवले होते.

३

लॉरेन्झच्या पुस्तकातला प्रसंग घरातल्या मत्स्यालयातला आहे. तळ्यातून जाळीने आणलेले मिश्र जीव काचेच्या टाकीत सोडले, की त्यांत बहुधा पाणभुंगेऱ्याची एखादी अळी असतेच. लॉरेन्झचा आरंभच चढ्या सुरात होतो. आकाराच्या मानाने पाहिले तर वाघ, सिंह, लांडगे हे या अळीपुढे कोकरे ठरतात, असे तो म्हणतो. दरोड्याचे रूपक सगळ्या प्रकरणावर पसरलेले आहे.

चढा सूर बाजूला ठेवला तर खाली जे उरते ते पहिल्या प्रतीचे निरीक्षण आहे. दोन इंचांहून लांब, निमुळती अळी. पायांवर केसांच्या झालरी, त्यामुळे पाय वल्ह्यांसारखे चालतात. चपटे डोके आणि विळ्यासारखे दोन जबडे. हे जबडे आतून पोकळ असतात. त्यांतूनच पाचकरस भक्ष्यात सोडला जातो आणि त्यांतूनच विरघळलेले मांस शोषले जाते. ‘घराबाहेर’ अन्न पचवणारे हे थोड्या प्राण्यांपैकी एक, असे लॉरेन्झ म्हणतो. पकडलेला बेडूकमासा थोडी धडपड करून ताठ होतो आणि त्याचे पारदर्शक अंग हळूहळू धुरकट होत जाते. तळ्यात स्तब्ध उभे असताना या अळीने आपल्यालाच भक्ष्य समजून चावा घेतल्याचेही तो सांगतो. तो चावा माणसालाही चांगलाच झोंबतो.

कीटकाच्या तोंडाची रचना आणि त्याचे वागणे यांची अशी सांगड फाब्रमध्ये क्वचितच सापडते. फाब्र मोजतो, वाट पाहतो, पदार्थ बदलतो. लॉरेन्झ यंत्र उघडून दाखवतो. बेडूकमाशाचे अंग धुरकट होण्याचे एक वाक्य मला त्या प्रकरणातले सर्वांत मोलाचे वाक्य वाटते, कारण त्यात पचनक्रिया डोळ्यांना दिसते.

प्रकरणाची चढण मात्र दुसरीकडे नेते. टाकीतले सगळे जीव संपले की अळ्या एकमेकींना खातात. लॉरेन्झ इथे थांबतो आणि सांगतो, की उपासमारीतही आपल्या जातीच्या, आपल्याच आकाराच्या जीवाला खाणारे प्राणी त्याने फार थोडे पाहिले. उंदीर आणि त्यांचे काही भाऊबंद हा ‘गुन्हा’ करतात. लांडग्यांबद्दल त्याला शंका आहे. पण दुसरे अन्न समोर असताना स्वजातीला खाणारा प्राणी, त्याच्या माहितीप्रमाणे, ही अळी सोडली तर दुसरा नाही.

आता फाब्रचा दहावा खंड समोर ठेवा. अन्न मुबलक असताना आपल्याच जातीच्या नरांना पोखरणाऱ्या सोनभुंगेऱ्याच्या माद्या त्यात आहेत, आणि लॉरेन्झच्या पुस्तकाच्या चाळीस वर्षे आधीपासून आहेत. शिवाय ‘घराबाहेर’ पचवण्याची रीतही सोनभुंगेऱ्यापाशी आहे. प्रौढ सोनभुंगेरा भक्ष्यावर तपकिरी पाचकरस ओकतो आणि विरघळलेला लगदा ओढून घेतो. म्हणजे ज्या दोन गुणांवरून लॉरेन्झने आपल्या अळीला जगावेगळे ठरवले, ते दोन्ही तिच्या जमिनीवरच्या आप्तात आहेत. ‘माझ्या माहितीप्रमाणे’ ही पुस्ती जोडून लॉरेन्झने स्वतःपुरती सोय केली आहे. तरीही वाचकाच्या मनात पुस्ती राहत नाही. ‘दुसरा प्राणी नाही’ एवढेच राहते.

४

दोन अधिवासांची तुलना करायची तर सुरुवात श्वासापासून करावी लागते. सोनभुंगेऱ्याला हवा सगळीकडे आहे. त्याचे मागचे पंख खुरटलेले असल्याने तो उडू शकत नाही. त्याचे सारे आयुष्य पायांवर आहे. पाणभुंगेरा पाण्यात राहतो पण पाण्यातली हवा घेत नाही. तो पृष्ठभागाशी उलटा टांगून घेतो, शेपटाकडचे टोक पाण्याबाहेर काढतो आणि ढालपंखांखाली हवेचा साठा भरून पुन्हा बुडी मारतो. त्याची अळीही शेपटाच्या टोकानेच श्वास घेते. त्यामुळे जमिनीवरच्या शिकाऱ्याला थांबवते ते भक्ष्याचे कवच. पाण्यातल्या शिकाऱ्याला दर थोड्या वेळाने वर बोलावून घेते ती हवा.

पाणभुंगेरा पुरता पाण्याचा नाहीच. मादी पाणवनस्पतीच्या देठाला चीर पाडून अंडी घालते, अळी पाण्यात वाढते. पण कोषात जाण्यासाठी ती काठावर चढते आणि ओल्या मातीत कोठडी करते. प्रौढ भुंगेरा तिथून निघून पाण्यात जातो. तळे आटले तर रात्री उडून दुसरे शोधतो. चकाकणारी काच किंवा मोटारीचे छत यांना पाणी समजून असे भुंगेरे त्यांवर आदळतात, कारण पाण्यावरून परावर्तित होणारा विशिष्ट प्रकाश हीच त्यांची खूण असते. लॉरेन्झच्या टाकीत काठ नव्हता, माती नव्हती. अळी तिथे आयुष्याच्या एकाच टप्प्यात, भुकेच्या टप्प्यात, अडकलेली होती. फाब्रने प्रौढ पाहिला आणि लॉरेन्झने अळी; दोघांची तुलना करताना हा फरक विसरता येत नाही. प्रौढ पाणभुंगेरा पोकळ जबड्यांनी शोषत नाही. तो लचके तोडून गिळतो.

सर्वांत बोलका विरोध मीलनात आहे. सोनभुंगेऱ्यात, निदान फाब्रच्या पेटीत, नराचा जीव जातो. पाणभुंगेऱ्यात जोखीम मादीची. नराच्या पुढच्या पायांवर चकत्यांसारखी चोषके असतात, दोन मोठी आणि बाकी बारीक. त्यांनी तो मादीच्या गुळगुळीत पाठीला चिकटतो आणि तासन्‌तास सोडत नाही. तेवढ्या वेळात तिला हवेसाठी वर येणे अवघड होते. बऱ्याच माद्यांच्या ढालपंखांवर खोल उभ्या खाचा असतात. डार्विनने १८७१ साली ‘द डिसेंट ऑफ मॅन’मध्ये या खाचांचा अर्थ लावला: नराला पकड मिळावी म्हणून ही सोय. पुढे २००१ साली स्वीडनमधल्या अभ्यासकांनी पाणभुंगेऱ्यांच्या अनेक जातींची तुलना करून उलट अर्थ पुढे आणला. चोषके सपाट पृष्ठभागावर चिकटतात, खाचांवर निसटतात. म्हणून खाचा हा मादीचा प्रतिकार आहे. नराची चोषके जिथे अधिक विकसित, तिथे मादीची पाठ अधिक खडबडीत, असे नाते त्यांना दिसले.

त्याच खाचा, दोन वाचने. पहिल्या वाचनात मादी सहकार्य करते, दुसऱ्यात झगडते. डार्विनला खाचा दिसत होत्या. त्या कोणाच्या बाजूने आहेत हे त्याने आधी गृहीत धरले. साहित्यसमीक्षेला हा अनुभव नवा नाही. मजकूर तोच असतो आणि वाचणाऱ्याच्या गृहीतकाप्रमाणे पात्रांची बाजू बदलते. फरक इतकाच, की कीटकांच्या बाबतीत दुसरे वाचन तपासून पाहता येते.

५

दोन्ही लेखकांनी काचेआडून पाहिले. पंचवीस भुंगेरे एका पेटीत, काही अळ्या एका टाकीत. बागेतला नर मीलनानंतर पळून जाऊ शकतो; पेटीतला नर पुन्हा त्याच मादीसमोर येतो. तळ्यातल्या अळ्यांमध्ये वनस्पतींचे दाट जाळे आणि गाळ असतो. टाकीत एक अळी दुसरीला सतत दिसत राहते. तेव्हा पाहिलेल्या वर्तनात काचेचा वाटा किती, हा प्रश्न दोघांनाही लागू पडतो. यावरून निरीक्षणे खोटी ठरत नाहीत. स्वजातीभक्षण हे या कीटकांच्या क्षमतेत आहे, एवढे काच निर्विवाद दाखवते. ते किती वेळा आणि कशामुळे होते, हे मात्र काचेला विचारून कळत नाही.

म्हणून मी एक कसोटी लावून पाहिली. दोन्ही प्रकरणांतून नैतिक शब्द काढून टाकायचे: क्रूर, गुन्हा, दरोडा, राखणदार, माळी, खाटीक. मग काय उरते ते मोजायचे. फाब्रमध्ये पंचवीस, दीडशे, सहा, पाच हे आकडे उरतात. शंख असलेली आणि शंख फुटलेली गोगलगाय उरते. पोटाच्या टोकापासून कुरतडला जाणारा नर उरतो. लॉरेन्झमध्ये पोकळ जबडे, झालरीचे पाय आणि धुरकट होणारा बेडूकमासा उरतो. हे दोन्ही ऐवज उत्तम आहेत. पण लॉरेन्झच्या प्रकरणाचा कळस, म्हणजे ‘दुसरे कोणी असे करत नाही’ हा निवाडा, नैतिक शब्द गेल्यावर उभाच राहत नाही. त्याला आधार अळीचा नव्हता. गुन्ह्याच्या कल्पनेचा होता. फाब्रचा कळस, म्हणजे पेटीत उरलेल्या पाच माद्या, जागच्या जागी राहतो.

यातला विरोधाभास डोळ्यांत भरतो. फाब्रला उत्क्रांतिवाद मान्य नव्हता. सृष्टीमागे योजना आहे अशी त्याची श्रद्धा होती. त्यामुळे प्राण्यांना नीतीच्या तराजूत तोलण्याचा मोह त्याला अधिक व्हायला हवा होता. लॉरेन्झ डार्विनच्या परंपरेतला. अळी आणि सोनभुंगेरा एका पूर्वजाचे वंशज आहेत हे त्याला ठाऊक असणार. तरी ‘गुन्हा’ हा शब्द लॉरेन्झच्या लेखणीतून येतो. फाब्र उपमा देतो तेव्हा तिचे दुसरे टोक माणसाकडे असते. लॉरेन्झची उपमा अळीवर जाऊन थांबते.

हा केवळ शैलीचा मुद्दा समजून सोडून देता येत नाही. लॉरेन्झ १९३८ साली नाझी पक्षात गेला होता. १९४० साली त्याने पाळीव प्राण्यांतल्या ‘ऱ्हासा’ची तुलना माणसाच्या समाजाशी करणारे लेखन त्या राजवटीच्या भाषेत केले. पुढे त्याने त्याबद्दल खेद व्यक्त केला. ‘किंग सॉलोमन्स रिंग’ हे त्यानंतरचे, युद्धकैदेतून परतल्यावरचे पुस्तक आहे. प्राण्यांविषयीचा त्यातला जिव्हाळा खरा आहे आणि अळीच्या प्रकरणात राजकारण शोधणे अन्यायाचे होईल. पण निसर्गातून निवाडे उचलण्याची सवय किती लांब जाऊ शकते, हे त्याच लेखकाच्या चरित्रात दिसते. प्राण्याला दरोडेखोर म्हणणारे वाक्य निरुपद्रवी असते, हे मी म्हणूनच मान्य करत नाही.

६

मराठीत आपण भुंगेऱ्याशी कसे वागलो? आपल्या काव्यपरंपरेतला भुंगा शिकारी नाही. तो मधासाठी फिरतो. ज्ञानेश्वरीतला भ्रमर लाकूड कोरू शकतो, पण कोवळ्या कळीत अडकून राहतो. भुंगा हा शब्दही आपण सैल वापरला. लाकूड पोखरणारी काळी माशी आणि ढालपंखी कीटक यांना तो एकत्रच कवेत घेतो. शिकारी भुंगेऱ्यासाठी आपल्याकडे तयार प्रतिमा नाही, हे मला लेखकाच्या दृष्टीने भाग्याचे वाटते. इथे आधी पुसून काढावे असे काही नाही.

एका शिकाऱ्याला मात्र आपण फार वरच्या पदावर बसवले. भृंग-कीटक न्याय संतसाहित्यात आणि वेदान्तचर्चेत पुन्हा पुन्हा येतो. भृंगी अळीला मातीच्या घरात कोंडते, अळी भयाने तिचेच ध्यान करते आणि शेवटी भृंगीच होऊन बाहेर पडते. तसा साधक ध्येयरूप होतो. प्रत्यक्षात ती कुंभारीण माशी असते. डंख मारून लुळी केलेली अळी ती मातीच्या घरट्यात आपल्या पिल्लाच्या अन्नासाठी साठवते. बाहेर पडते ते तिचे पिल्लू. अशाच शिकारी गांधीलमाश्यांवर फाब्रने पहिल्या खंडापासून लिहिले. शिकारीचे गुरुकृपेत झालेले हे रूपांतर दृष्टांत म्हणून सुंदर आहे, आणि दृष्टांताचे काम ते चोख करते. पण त्याच घटनेला लॉरेन्झने पाहिले असते तर दरोडा म्हटले असते, आणि शेतकऱ्याने पाहिले तर अळी मेली म्हणून तो समाधान मानील. गुरू, दरोडेखोर, मित्र: माशीने यांतले काहीच केलेले नाही.

आजच्या मराठीत ही वाटणी सर्वांत ठसठशीत दिसते ती शेतीच्या पत्रकांत. ‘मित्रकीटक’ आणि ‘शत्रूकीटक’ हे शब्द आता गावोगाव पोहोचले आहेत. त्यांनी चांगले कामही केले. दिसेल त्या किड्यावर फवारा मारणारा हात काही ठिकाणी थबकला. तरी या शब्दांची मर्यादा आपल्या तळ्यांतल्या पाणभुंगेऱ्याकडे पाहिले की कळते. युरोपातली जात आपल्याकडे नाही, पण त्याच कुळातले सायबिस्टर नावाचे मोठे पाणभुंगेरे महाराष्ट्रातल्या तळ्यांत आणि भाताच्या खाचरांत असतात. पावसाळ्यात ते दिव्यांवरही येतात. संगोपन तळ्यात मत्स्यजिरे सोडण्याआधी मत्स्यशेतकरी पाण्यावर तेल आणि साबणाचे मिश्रण पसरतो. पृष्ठभागावर पातळ थर बसतो आणि हवेसाठी वर येणारे कीटक गुदमरून मरतात. हे रास्त आहे. कारण हे भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या मत्स्यजिरे खातात. पण या कुळातले भुंगेरे डासांच्या अळ्याही खातात. संगोपन तळ्यातला शत्रू शेजारच्या डबक्यात मित्र ठरतो. भुंगेऱ्याने आपला आहार बदललेला नसतो. त्याच्या शेजारी आपण काय वाढवतो आहोत तेवढे बदललेले असते.

सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे उत्तर आता सांगता येईल. फाब्रचा भुंगेरा माळी ठरला, कारण तो आपल्या कोबीवरच्या अळ्या खातो. लॉरेन्झची अळी दरोडेखोर ठरली, कारण तिने आपल्या टाकीतले बेडूकमासे खाल्ले. दोघांची भूक एका घराण्यातली आहे. पचवण्याची रीतही मिळतीजुळती आहे. पदव्या वाटल्या गेल्या त्या भक्ष्य कोणाच्या मालकीचे यावरून. जमीन आणि पाणी यांनी या दोन शरीरांत जे फरक खरोखर केले, म्हणजे कवचापाशी थांबणे आणि हवेसाठी वर येणे, पाय आणि वल्ही, नराचा मृत्यू आणि मादीची घुसमट, त्यांचा या पदव्यांशी काहीही संबंध नाही.

याचा अर्थ निसर्गलेखनाने उपमा टाकून द्याव्यात असा मी काढत नाही. उपमेवाचून फाब्र उरणार नाही, आणि लॉरेन्झचा चढा सूर नसता तर कित्येक वाचक त्या अळीकडे वळलेच नसते. माझी मागणी एवढीच आहे, की उपमेने निरीक्षणाची जागा घेऊ नये आणि लेखकाने फळी उचलणारा आपला हात चित्रातून वगळू नये. मराठीत आता पक्ष्यांवर आणि जंगलांवर भरपूर आणि चांगले लिहिले जाते. कीटकांवर त्या मानाने थोडे लिहिले जाते, आणि बरेचसे मित्र-शत्रूच्या रकान्यांत. भाताच्या खाचरातला पाणभुंगेरा कोणत्या वेळी वर येतो, किती वेळ खाली राहतो, कोणाला पकडतो आणि कोणाला सोडतो, हे चार महिने पाहून मराठीत लिहायला प्रयोगशाळा लागत नाही. एक खाचर, एक वही आणि चिकाटी पुरते. सेरिन्याँच्या माळरानावर फाब्रजवळही याहून फारसे काही नव्हते.

ज्यांना ही दोन प्रकरणे वाचायची असतील त्यांनी आधी लॉरेन्झ वाचावा आणि मग फाब्र. लॉरेन्झ वाचताना अळीची भीती वाटेल आणि तिच्या जबड्यांची रचना कायमची लक्षात राहील. मग फाब्रच्या पेटीत उरलेल्या पाच माद्यांपर्यंत आलात, की लॉरेन्झचा निवाडा आपोआप सैल पडेल, आणि तो सैल करायला कोणा समीक्षकाची गरज लागणार नाही.